ऑपरेशनचं बिल आणि आयकर : वजावट कुठे मिळते, कुठे मिळत नाही आणि आधी काय करून ठेवायचं

घरात कुणाचं मोठं ऑपरेशन झालं की जुलै महिन्यात सीएच्या समोर एक प्रश्न हमखास येतो : बिल साडेपाच लाखांचं झालंय, रिटर्नमध्ये किती दाखवता येईल? बऱ्याचदा उत्तर मिळतं, शून्य. आयकर कायद्यात ‘ऑपरेशनचा खर्च’ नावाची वजावटच नाही. वजावट ठरते ती रुग्णाचं वय, आजाराचं नाव, विमा आहे की नाही, पैसे कुणी आणि कसे दिले यांवरून. बिलाचा आकडा सगळ्यात शेवटी येतो. यातल्या बऱ्याच गोष्टी रुग्ण भरती होण्याआधी ठरवता येतात, डिस्चार्जनंतर येत नाहीत. म्हणून हा लेख रिटर्न भरणाऱ्यांपेक्षा ज्यांच्या घरी ऑपरेशनची तारीख ठरायची आहे त्यांच्या जास्त उपयोगाचा.

खालचे सगळे आकडे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षातल्या खर्चाचे आहेत, म्हणजे २०२६-२७ या कर निर्धारण वर्षाच्या रिटर्नसाठी. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले. पण ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या खर्चाला १९६१ चाच कायदा लागतो, त्यामुळे इथे जुनेच क्रमांक दिले आहेत.

## १. सगळ्यात आधी : जुनी करपद्धत तुम्हाला परवडते का?

वैद्यकीय खर्चाच्या चारही वजावटी (कलम ८०डी, ८०डीडी, ८०डीडीबी, ८०यू; कशात काय बसतं ते मुद्दा ३ मध्ये) फक्त जुन्या करपद्धतीत मिळतात, म्हणजे जिथे दर चढे पण वजावटी जास्त त्या पद्धतीत. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते. तुम्ही स्वतःहून ‘जुनी हवी’ असं सांगितलं नाही, तर या वजावटी तुमच्यासाठी नसल्यातच जमा. आणि वजावट मिळते म्हणून डोळे झाकून जुन्या पद्धतीत गेलात तर फायद्याऐवजी जास्त कर भरून बसाल. म्हणून आधी कागद-पेन घ्या.

एक उदाहरण पाहू. पगार १४ लाख, वय साठच्या आत. आई ६८ वर्षांची, तुमच्यावर अवलंबून, तिला विमा नाही आणि कर्करोगाचं ऑपरेशन झालंय. (व्यवसाय कर हिशोबात धरलेला नाही.)

नवी पद्धत : १४,००,००० मधून प्रमाणित वजावट ७५,००० वजा केली की १३,२५,००० उरतात. कर ७८,७५०, त्यावर ४ टक्के उपकर धरून ८१,९०० रुपये.

जुनी पद्धत : प्रमाणित वजावट ५०,०००, ८०सी चे (पीएफ, आयुर्विमा वगैरे बचतीचे) १,५०,०००, स्वतःच्या विम्याचा हप्ता २५,०००, आईच्या उपचाराचे ८०डी खाली ५०,००० आणि ८०डीडीबी खाली १,००,०००. एवढं सगळं वजा करून उरतात १०,२५,०००. कर उपकरासह १,२४,८०० रुपये.

म्हणजे आईच्या आजारपणाच्या दोन्ही वजावटी पूर्ण घेऊनसुद्धा जुनी पद्धत जवळजवळ ४३,००० रुपयांनी महाग पडते. गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख जोडले तर जुन्या पद्धतीत कर ८०,६०० वर येतो. फरक अवघा १,३०० रुपयांचा. एवढ्यासाठी कागदांचा ढीग सांभाळायचा का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं निघतं, कारण घरभाडं भत्त्याची सूटही जुन्या पद्धतीतच आहे आणि इथली भाडी तगडी. वरच्याच पगारात मूळ वेतन ७ लाख, भत्ता साडेतीन लाख आणि महिना ३०,००० भाडं असेल तर २,९०,००० रुपये करमुक्त होतात. गृहकर्ज नाही असं धरलं तर उरतात ७,३५,००० आणि कर ६१,८८०. नव्या पद्धतीपेक्षा २०,०२० रुपये कमी. याच हिशोबातून आईच्या उपचाराच्या आणि विम्याच्या वजावटी काढून पाहा : कर ९८,२८० होतो, नव्या पद्धतीपेक्षा जास्त. म्हणजे इथे पारडं फिरवलं ते वैद्यकीय वजावटींनी.

साधारण आडाखा असा : घरभाडं भत्ता किंवा गृहकर्जाचं व्याज यांतलं काहीतरी भक्कम हाताशी असेल तरच पुढचे मुद्दे तुमच्या कामाचे. नसेल, तर थेट मुद्दा २ वाचा. तो दोन्ही पद्धतींना लागू आहे.

## २. भरती होण्याआधी कंपनीला विचारा

नव्या पद्धतीतही उघडा असलेला हा एकच मोठा दरवाजा, आणि नेमका तोच लोक विसरतात. तुमच्या किंवा कुटुंबाच्या उपचाराचा खर्च कंपनी देत असेल, तर पुढच्या ठिकाणी ती रक्कम तुमच्या पगारात धरली जात नाही :

- कंपनीचं स्वतःचं रुग्णालय.
- सरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेचं रुग्णालय. मुंबईत हा मुद्दा मोलाचा आहे, कारण केईएम, नायर, सायन ही पालिकेची रुग्णालयं आहेत आणि जेजे राज्य सरकारचं. इथल्या बिलाची भरपाई कंपनीने केली तर आजार कुठला याची अट नाही, रकमेची मर्यादाही नाही.
- सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांसाठी मान्यता दिलेलं रुग्णालय.
- मुख्य आयकर आयुक्तांनी मान्यता दिलेलं खासगी रुग्णालय, पण नियम ३ए मधल्या आजारांपुरतं. ही यादी लांबलचक आहे. कर्करोग, क्षयरोग, हृदय, मूत्रमार्ग, यकृत, पित्ताशय, डोळे, कान-नाक-घसा यांच्या शस्त्रक्रिया, सिझेरियनसुद्धा त्यात आहे.

खासगी रुग्णालयाला अशी मान्यता नसेल आणि कंपनीने ‘मदत’ म्हणून दोन लाख दिले, तर ते दोन लाख तुमच्या पगारात धरले जातात आणि त्यावर कर लागतो. पूर्वी वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतची वैद्यकीय भरपाई करमुक्त असायची, ती २०१८ च्या अर्थसंकल्पाने बंद केली. एचआरमधल्या जुन्या मंडळींच्या डोक्यातून ती अजून गेलेली नाही, तेव्हा ‘पंधरा हजारांची बिलं द्या’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

रुग्णालयाच्या बिलिंग विभागात एकच प्रश्न विचारा : आयकराच्या कलम १७(२) खालच्या मान्यतेचं पत्र आहे का आणि ते कुठल्या तारखेपर्यंत वैध आहे? पत्राची प्रत मागून घ्या. मान्यतेची मुदत संपलेली असते आणि ते कुणाच्या लक्षात आलेलं नसतं, हेही होतं. आजाराचं नाव आणि भरलेली रक्कम लिहिलेलं रुग्णालयाचं प्रमाणपत्रही डिस्चार्जच्या दिवशीच घ्या.

कंपनी तुमच्या कुटुंबाच्या गटविम्याचा हप्ता भरत असेल तर तोही करमुक्त, दोन्ही पद्धतींत.

## ३. तुमचं ऑपरेशन कुठल्या कलमात बसतं?

### साठीपुढचा रुग्ण, विमा नाही : ८०डी

इथे आजाराची अट नाही. गुडघा, मोतीबिंदू, हर्निया, बायपास, काहीही चालतं. रुग्णाचं वय त्या वर्षात ६० पूर्ण झालेलं हवं, तो भारतातला निवासी हवा आणि त्याच्यासाठी आरोग्य विम्याचा हप्ता भरलेला नसावा. मर्यादा ५०,००० रुपये. आई-वडिलांसाठीची मर्यादा तुमच्या स्वतःच्या कुटुंबाच्या मर्यादेपेक्षा वेगळी धरतात. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असण्याची गरज नाही. वडिलांना चांगलं पेन्शन असलं तरी पैसे तुम्ही भरले असतील तर वजावट तुमची.

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. वडिलांची पॉलिसी आहे, बिल ६,२०,००० झालं, विमा कंपनीने ४,८०,००० मंजूर केले आणि १,४०,००० खिशातून गेले. हे १,४०,००० ‘विमा नसलेल्या ज्येष्ठाचा खर्च’ म्हणून दाखवता येत नाहीत, कारण विमा आहे. मिळते ती फक्त हप्त्याची वजावट, ५०,००० च्या मर्यादेत. ऑफिसच्या गटविम्यात आई-वडिलांना घालून त्याचा हप्ता पगारातून कापून घेत असाल तर तोही विमाच. वडिलांना विमा आणि आईला नाही, असं असेल तर वडिलांचा हप्ता आणि आईचा उपचारखर्च दोन्ही दाखवता येतात, मात्र मिळून ५०,००० पर्यंतच.

हप्त्याबद्दल दोन बारीक गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. त्याआधी जीएसटीसकट हप्ता भरला असेल तर पूर्ण भरलेली रक्कम धरा. आणि दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल तर त्याचे वर्षांप्रमाणे समान भाग करून दर वर्षी एकेक भाग दाखवायचा. प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचे ५,००० रुपये याच मर्यादेच्या आत बसतात, वेगळे नाहीत. रोखीने चालतो तो फक्त हा एक खर्च.

### ठरावीक आजार : ८०डीडीबी

वय काहीही असो, पण आजार नियम ११डीडी मधला हवा : कर्करोग, मूत्रपिंड निकामी होण्याचा जुनाट विकार, हिमोफिलिया आणि थॅलसेमिया, पूर्ण विकसित एड्स, आणि काही मज्जासंस्थेचे आजार (पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, मोटर न्यूरॉन, अटॅक्सिया वगैरे). मज्जासंस्थेच्या आजारांत अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं प्रमाणित व्हायला हवं. मर्यादा ४०,००० रुपये, रुग्ण साठीपुढचा असेल तर १,००,०००. वय रुग्णाचं पाहायचं, तुमचं नाही.

बायपास, अँजिओप्लास्टी, सांधेबदल, मणक्याचं ऑपरेशन यांतलं काहीही या यादीत नाही. चाळिशीतल्या माणसाची बायपास झाली आणि खर्च स्वतःच्या खिशातून गेला, तर जुन्या पद्धतीतही त्या खर्चाची वजावट नाही. हे अन्यायाचं वाटतं आणि आहेच, पण रिटर्न भरताना त्याचा उपयोग नाही.

रुग्ण तुम्ही स्वतः, नाहीतर मुख्यत्वे तुमच्यावर अवलंबून असलेला जोडीदार, मूल, आई-वडील किंवा भावंड असायला हवं. सासू-सासरे यात येत नाहीत, ८०डी मध्येही नाहीत. विमा कंपनीने किंवा मालकाने दिलेली रक्कम मर्यादेतून वजा होते, एकूण खर्चातून नव्हे. ६५ वर्षांच्या आईच्या उपचाराला ४ लाख लागले आणि विम्याने ७०,००० दिले, तर वजावट ३०,०००. विम्याने लाखभर किंवा जास्त दिले असतील तर हे कलम विसरा.

तज्ज्ञ डॉक्टरची चिठ्ठी हा इथला कळीचा कागद, आणि कुठल्याही डॉक्टरची चालत नाही. कर्करोगासाठी ऑन्कोलॉजीतला डीएम (एमडीनंतरची अतिविशेष पदवी) किंवा समकक्ष पदवी, मूत्रपिंडासाठी नेफ्रोलॉजीतला डीएम किंवा यूरोलॉजीतला एमसीएच, मज्जासंस्थेसाठी न्यूरोलॉजीतला डीएम, रक्ताच्या विकारांसाठी हिमॅटॉलॉजीतला डीएम. सरकारी रुग्णालयात उपचार चालू असतील तर तिथला पूर्णवेळ, जनरल किंवा इंटर्नल मेडिसिनमधली पदव्युत्तर पदवी असलेला तज्ज्ञही चालतो. चिठ्ठीवर इतक्या गोष्टी आहेत का ते डॉक्टरांसमोरच वाचून पाहा : रुग्णाचं नाव आणि वय, आजाराचं नाव, डॉक्टरचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि पदवी, सरकारी रुग्णालय असेल तर त्याचं नाव-पत्ता. वय आणि नोंदणी क्रमांक हमखास राहतात. जुना फॉर्म १०-आय आता लागत नाही. कुणी तो भरून आणायला पाठवलं तर उगाच ओपीडीच्या रांगेत उभे राहू नका.

### ऑपरेशननंतर कायमचं अपंगत्व आलं तर : ८०यू आणि ८०डीडी

पाय कापावा लागला, दृष्टी गेली, ऐकू येईनासं झालं आणि अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ७५,००० रुपये, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. स्वतःसाठी ८०यू, अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी ८०डीडी. ही ठोक वजावट आहे, खर्च कितीही झाला तरी रक्कम तीच. एकाच व्यक्तीसाठी दोन्ही घेता येत नाहीत : तिने स्वतःच्या रिटर्नमध्ये ८०यू घेतलं तर तुम्हाला ८०डीडी नाही. सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (अपंगत्वाच्या ओळखपत्राचा) क्रमांक लागतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविध अपंगत्वासाठी फॉर्म १०-आयए पोर्टलवर भरावा लागतो, तोही रिटर्नच्या आधी. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत पाहून ठेवा.

## ४. पैसे कुणी भरायचे आणि कसे

घरातल्या घरात हे आधी ठरवलं तर सगळ्यात जास्त फायदा होतो, आणि नंतर काहीच दुरुस्त करता येत नाही. बैल गेला आणि झोपा केला अशी गत इथेच होते.

ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याचीच वजावट. वडिलांचं पेन्शन आणि व्याज मिळून १२ लाखांच्या आत असेल तर नव्या पद्धतीत त्यांना करच लागत नाही. अशा वेळी बिल वडिलांच्या खात्यातून गेलं तर वजावट वाया. जुन्या पद्धतीत असलेल्या आणि वरच्या स्लॅबमधल्या मुलाने किंवा मुलीने आपल्या खात्यातून भरावं. दोन भावंडं जुन्या पद्धतीत असतील तर दोघांनी बिल वाटून भरावं, आपापल्या भरलेल्या रकमेवर दोघांनाही स्वतंत्र ५०,००० पर्यंत दाखवता येतात. एकच पावती दोघांनी लावायची नाही. तसंच कर्करोगाच्या रुग्णाचं एकच बिल ८०डी आणि ८०डीडीबी दोन्हीकडे दाखवायचं नाही. बिलं आधीच दोन ढिगांत वेगळी करा : केमो आणि ऑपरेशन एकीकडे, बाकीच्या तपासण्या, औषधं, फिजिओथेरपी दुसरीकडे.

८०डी चा उपचारखर्च रोखीने भरला तर वजावट गेली. यूपीआय, कार्ड, चेक, एनईएफटी, काहीही चालेल. ८०डीडीबी मध्ये रोखीला थेट बंदी नाही, पण रोख दिलेले पैसे तुमचेच होते हे सिद्ध करत बसण्यापेक्षा तिथेही यूपीआयच बरं. शिवाय एका उपचारासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला रुग्णालयालाच कायद्याने मनाई आहे.

रात्री अकरा वाजता काउंटरवर ‘आत्ता पन्नास हजार भरा’ म्हटलं की जो भाचा सोबत असतो तो आपल्या फोनवरून भरतो. नंतर तुम्ही त्याला पैसे परत करता, पण रुग्णालयाच्या पावतीला जोडलेला व्यवहार भाच्याचाच राहतो. म्हणून भरतीच्या दिवशीच तुमच्या खात्यातून ॲडव्हान्स जमा करून ठेवा, आणि यूपीआयची रोजची मर्यादा किती आहे ते बँकेच्या ॲपमध्ये आधीच पाहा.

धर्मादाय ट्रस्टकडून मदत मिळाली तर नोंदणीकृत ट्रस्टची रक्कम तुमचं उत्पन्न धरली जात नाही, पण ती तुम्ही केलेला खर्चही नाही. बिलातून वजा करा. मित्रांकडून आणि ओळखीपाळखीतून वर्षात एकूण ५०,००० च्या वर जमा झाले तर ती सगळीच रक्कम करपात्र ठरू शकते. जवळच्या नातेवाइकांकडून आलेल्या पैशांना ही अट नाही.

## ५. प्रवासखर्च

थोडक्यात : देशातल्या देशात उपचारासाठी केलेल्या प्रवासाला वजावट नाही. टॅक्सी, रिक्षा, रत्नागिरीहून केलेली गाडी, परळला नातेवाइकांसाठी घेतलेली खोली, जेवण, यांतलं काहीच कुठल्या कलमात बसत नाही. रुग्णवाहिका रुग्णालयाच्या बिलातच लागली असेल तर ती त्या बिलाबरोबर जाते.

पगारदारांसाठी एक वाट मात्र आहे : रजा प्रवास भत्ता. पगारात तो असेल आणि तुम्ही जुन्या पद्धतीत असाल, तर रजा काढून भारतात कुठेही केलेल्या प्रवासाचं भाडं करमुक्त होतं. कायद्यात ‘पर्यटनासाठी’ असा शब्द नाही. आईला घेऊन वेल्लोरला गेलात तर तुमचं आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईचं भाडं यात बसतं. अटी : तुम्ही स्वतः प्रवास केलेला हवा, रजेची नोंद हवी, विमानाचं इकॉनॉमी किंवा रेल्वेचं पहिल्या वर्गाचं वातानुकूलित भाडं जवळच्या मार्गाने, आणि फक्त भाडं. राहणं-खाणं नाही. चार वर्षांच्या गटात दोन प्रवास मिळतात. २०२२ ते २०२५ हा गट संपला. त्यातला एक प्रवास शिल्लक असेल तर तो २०२६ मध्ये वापरता येतो. बोर्डिंग पास फेकू नका.

करात नसली तरी तिकिटात सवलत आहे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण माफी मिळते, सोबत्याला ७५ टक्के. त्याचा फॉर्म उपचार करणाऱ्या रुग्णालयातून मिळतो. टाटा मेमोरियलला बाहेरगावाहून येणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत तो मागून घ्यावा. या हजार-दोन हजारांसाठी कर निर्धारण अधिकाऱ्याची गाठ घ्यावी लागत नाही, हा आणखी एक फायदा.

## ६. परदेशात उपचार

खर्च कंपनी करत असेल तर उपचार आणि रुग्ण व एका सोबत्याचं तिथलं राहणं रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या रकमेपर्यंत करमुक्त आहे. विमानाचं भाडं मात्र तुमचं एकूण उत्पन्न (हा खर्च न धरता) ठरावीक मर्यादेत असेल तरच. ही मर्यादा वर्षानुवर्षं २ लाखांवर अडकली होती, ऑगस्ट २०२५ मध्ये ती ८ लाख केली.

स्वतः पैसे पाठवले असतील तर २०२५-२६ मध्ये वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक ५ टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतलेला कर) कापत होती. बँकेच्या फॉर्मवर प्रयोजन ‘वैद्यकीय उपचार’ असंच लिहा. दुसरं काही पडलं तर हाच दर २० टक्के होऊ शकतो. रुग्णाचं आणि सोबत्याचं तिकीट, तिथला रोजचा खर्च हेही उपचाराच्या प्रयोजनातच मोडतं. टीसीएस बुडत नाही, २६एएस मध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात) दिसतो आणि रिटर्नमध्ये करातून वळता होतो किंवा परत मिळतो. ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच.

## ७. फाइलमध्ये काय हवं

रिटर्नसोबत काहीच जोडायचं नसतं, पण नोटीस आली की सगळं लागतं. निदान सात वर्षं जपा.

- अंतिम बिल, ओळीओळीचा तपशील असलेलं. नुसती गोळाबेरीज नको.
- ॲडव्हान्सच्या सगळ्या पावत्या, आणि जास्तीचे पैसे परत मिळाले असतील तर त्याची नोंद.
- डिस्चार्ज समरी.
- विमा असेल तर मंजुरीचं आणि दावा निकाली काढल्याचं (सेटलमेंटचं) पत्र. किती रुपये कुणी भरले ते यावरूनच ठरतं.
- औषधांची बिलं आणि त्या-त्या तारखेची डॉक्टरांची चिठ्ठी.
- ८०डीडीबी साठी तज्ज्ञाची चिठ्ठी.
- तुमच्या खात्याचा उतारा, ते व्यवहार खूण करून.
- रुग्णाचा वयाचा पुरावा.

केमिस्टची आणि कार्ड मशिनची पावती थर्मल कागदावर असते. वर्षभरात ती कोरी होते, उन्हात ठेवली तर महिन्याभरात. त्याच दिवशी फोटो काढा किंवा झेरॉक्स मारा. मुंबईच्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये या पावत्या एकमेकींना चिकटतात, तेव्हा मध्ये साधा कागद घाला.

तारखांकडेही लक्ष द्या. पैसे ज्या वर्षात भरले त्या वर्षाची वजावट. मार्चच्या शेवटी ऑपरेशन आणि एप्रिलमध्ये अंतिम भरणा, असं असेल तर खर्च दोन वर्षांत विभागतो. ८०डीडीबी ची मर्यादा ओलांडणाऱ्यांना हे उलट फायद्याचं पडतं.

## ८. रिटर्न भरताना

१. जानेवारीत कंपनी पुरावे मागते तेव्हाच फॉर्म १२बीबी मध्ये (कंपनीला वजावटी कळवण्याच्या फॉर्ममध्ये) हे दाखवा. राहून गेलं तरी बिघडत नाही, रिटर्नमध्ये दाखवून परतावा घेता येतो. कंपनीने नव्या पद्धतीने टीडीएस (पगारातून आगाऊ कर) कापला असला तरी पगारदाराला रिटर्नमध्ये जुनी पद्धत निवडता येते.

२. पोर्टलवर प्रश्न येतो : नव्या पद्धतीतून बाहेर पडायचं आहे का? जुनी हवी असेल तर उत्तर ‘हो’. घाईत ‘नाही’ वर टिचकी मारणारे कमी नाहीत. मग वजावटींचे रकाने भरता येत नाहीत आणि लोक पोर्टलला शिव्या घालतात.

३. व्यवसायाचं उत्पन्न असेल तर त्याआधी जुनी पद्धत निवडण्याचा फॉर्म १०-आयईए भरा.

४. पगारदारांनी ३१ जुलै २०२६ ही तारीख चुकवू नका. मुदतीनंतरच्या रिटर्नमध्ये जुनी पद्धत निवडता येत नाही. दंड पाच हजारांचा, पण खरं नुकसान सगळ्या वजावटी जाण्याचं. ‘मुदतवाढ मिळतेच’ या भरवशावर राहू नका.

५. ८०डी मध्ये विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक, ८०डीडीबी मध्ये यादीतून आजार, ८०डीडी व ८०यू मध्ये यूडीआयडी किंवा फॉर्म १०-आयए चा तपशील भरावा लागतो. ८०डी मध्ये ‘हप्ता’ आणि ‘वैद्यकीय खर्च’ हे वेगळे रकाने आहेत. रक्कम चुकीच्या रकान्यात गेली की प्रश्न विचारले जातात.

६. भरल्यापासून ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-पडताळणी करा. ती झाली नाही तर मुदतीत भरलेलं रिटर्नही उशिराचं ठरू शकतं, आणि मग याच यादीतला चौथा मुद्दा लागू.

दर वर्षी जूनपासून ‘जास्तीत जास्त रिफंड काढून देतो’ म्हणणारे एजंट फिरतात. त्यांची आवडती कलमं हीच, ८०डीडीबी आणि ८०यू. आजार नसलेल्या माणसाच्या नावावर पार्किन्सन लावतात आणि रिफंडमधला वाटा घेऊन जातात. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने अशाच खोट्या वजावटींसाठी देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली होती. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दोनशे टक्के दंड बसतो, आणि तो एजंटला नाही, तुम्हाला. पूर्वी कुणी असं करून ठेवलं असेल तर त्या कर निर्धारण वर्षाच्या अखेरीपासून ४८ महिन्यांपर्यंत अद्ययावत रिटर्न भरून जादा करासह चूक निस्तरता येते.

वजावट खरी असूनही नोटीस आली तर लालबागच्या किंवा चर्चगेटच्या ऑफिसात धावू नका. पोर्टलवर ‘पेंडिंग ॲक्शन्स’ मध्ये ‘ई-प्रोसीडिंग्ज’ उघडा आणि पत्रावरचा डीआयएन (विभागाच्या प्रत्येक पत्राला दिलेला ओळख) क्रमांक तिथे जुळतो का ते पाहा. कलम १४३(१) खालचा (रिटर्नच्या प्राथमिक तपासणीतून आलेला) बदल सुचवलेला असेल तर उत्तराला ३० दिवस मिळतात. ‘असहमत’ निवडून कारण दोन ओळींत लिहा, आणि कागद मागितले असतील तर बिल, भरणा आणि चिठ्ठी याच क्रमाने एकाच पीडीएफमध्ये जोडा. तीस दिवसांत उत्तर गेलं नाही तर विभागाने सुचवलेला आकडाच कायम होतो.